अफनासीच्या गावात

२८ ऑगस्ट २०१९, बुधवार

“ऐन गणपतीत कुठं निघालीस?” चौलात भेटेल तो हेच विचारत होता. भाची रशियात त्वेरला डॉक्टरकी शिकते. उन्हाळ्याची सुट्टी संपवून ती परत निघाली होती, तिच्या आईचा पाय प्लॅस्टरमध्ये, म्हणून सोबतीला मी. हे झालं लोकांना सांगायचं कारण. मनातलं कारण जुनं आहे. आमच्या शेजारच्या रेवदंड्याला हायस्कूलच्या आवारात एक काळा स्तंभ आहे, २००२ साली उभारलेला. अफनासी निकितिन नावाचा त्वेरचा व्यापारी पंधराव्या शतकात, वास्को द गामाच्या पंचवीसेक वर्षं आधी, गलबतातून एक घोडा घेऊन आमच्या चौल बंदरात उतरला, त्याची ती आठवण. शाळेत इतिहास शिकवायची तेव्हा मी दर वर्षी पोरांना तिथं न्यायची. एका मुलीनं विचारलं होतं, “बाई, हा जिथून आला ते गाव कसं आहे?” मला सांगता आलं नव्हतं. ते उत्तर राहून गेलं होतं.

दिल्लीहून सहा-साडेसहा तासांत मॉस्को. पासपोर्ट तपासणाऱ्या मुलीनं माझा चेहरा तीनदा पाहिला, फोटो तीनदा पाहिला, शिक्का मारला आणि चकार शब्द काढला नाही. विमानतळावरून रेल्वेनं बेलोरूस्की स्टेशन, तिथून मेट्रोनं तीन थांबे पुढं कोमसोमोल्स्काया. हे स्टेशन १९५२ चं. पिवळं उंच छत, त्यात मोझेकची मोठमोठी चित्रं, खाली झुंबरं, आणि त्या झुंबरांखालून भाजीच्या पिशव्या घेऊन जाणाऱ्या बायका. एखाद्या राजवाड्यातून रोज कामावर जावं तसं.

लेनिनग्राद स्टेशनाबाहेर गाडीला अवकाश होता म्हणून भाची सिमेंटच्या कठड्यावर टेकली. तेवढ्यात समोरून जाणारी एक अनोळखी बाई थांबली आणि तिला फाडफाड बोलू लागली. मला वाटलं, काही नियम मोडला आमच्याकडून. भाची मुकाट उठली. बाईंनी पिशवीतून वर्तमानपत्र काढलं, चार घड्या घालून कठड्यावर ठेवलं, त्यावर तिला बसवलं आणि निघून गेल्या. “काय म्हणाल्या गं?” “थंड दगडावर बसू नको, अजून पोरंबाळं व्हायचीत तुला, आईनं शिकवलं नाही का, असं.” ना ओळख ना पाळख. माझी आजी असंच ओरडायची, ओल्या अंगणात बसलं की.

त्वेर मॉस्कोपासून १७० किलोमीटरच्या आसपास. गाडीनं पावणेदोन तास. खिडकीबाहेर बर्च, बर्च आणि बर्च. लहानपणी आमच्या वाचनालयात मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं यायची, गुळगुळीत कागदाची, स्वस्त. त्या चित्रांतली पांढऱ्या खोडाची झाडं मला खोटी वाटायची. खोड कधी पांढरं असतं का? ती सगळी झाडं आज खिडकीतून माझ्याशी ओळख दाखवत पळत होती.

घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सोव्हिएत पुढारी ख्रुश्चॉवच्या काळात गावोगाव अशा पाच मजली इमारती उठल्या, त्यातली एक. घरमालकीणबाई निवृत्त नर्स, माझ्याच वयाच्या, रुंद खांद्यांच्या. दार उघडलं तशी मी काजूंचा पुडा आणि खणाचं कापड पुढं केलं. त्या दोन पावलं मागं सरकल्या. हात पाठीशी. मी गोंधळले. “मावशी, आत ये आधी,” भाची म्हणाली, “उंबऱ्यावरून काही देत-घेत नाहीत इथं. हातसुद्धा मिळवत नाहीत.” मग मला हसूच आलं. उंबऱ्यावर बसू नको, उंबऱ्यावर शिंकू नको, हे ऐकतच मोठी झालेली मी. आत आले, बूट काढले, माझ्यासाठी आधीच काढून ठेवलेल्या सपाता घातल्या, आणि मग त्यांनी दोन्ही हातांनी पुडा घेतला. दाराला रशियनमध्ये ‘द्वेर’ म्हणतात. द्वार. त्वेरमध्ये शिकलेला पहिला शब्द.

चहा पिताना त्यांनी माझं नाव विचारलं, मग वडिलांचं. रशियात मोठ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारत नाहीत, पुढं बापाचं नाव लावतात. आपल्यासारखंच, फक्त आपण ते हाकेत घेत नाही. निकितिन म्हणजे तरी काय, निकिताचा मुलगा. मी सांगितलं, वसंत. भाचीनं अर्थ सांगितला तशी बाई उठून उभ्याच राहिल्या. “वेस्ना! वेस्ना!” त्यांच्या भाषेतही वसंत ऋतू म्हणजे वेस्ना. तेव्हापासून या घरात मी वसंतोव्ना. वडील जाऊन एकवीस वर्षं झाली. त्यांच्या नावानं मला कुणी हाक मारेल, तीही इतक्या लांब, असं कधी वाटलं नव्हतं.

२९ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी मी भांडी घासायला गेले तर बाईंनी हातातून स्पंज काढून घेतला. बटाटे सोलू का, तर नाही. अंथरुणाची घडी घालायला गेले, तीही त्यांनी घातली. पाहुणी म्हणजे पाहुणी. ताटात मात्र वाढतच राहिल्या: काशा म्हणजे धान्याची लापशी, काळा पाव, काकडी, साय आंबवून केलेली घट्ट स्मेताना, आणि सगळ्यावर शेपू. सुपात शेपू, बटाट्यावर शेपू, लोणच्यात शेपू. आपल्याकडं शेपूचं नाव काढलं की नाक मुरडणारी पोरं असतात, त्यांना इथं उपास घडेल.

दुपारी अफनासीला भेटायला गेलो. वोल्गेच्या डाव्या काठाला त्याच्याच नावाचा घाट आहे, तिथं तो १९५५ पासून उभा आहे. अंगात लांब झगा, मागं होडीचं टोक आणि त्या टोकाला घोड्याचं डोकं. पुतळा बसला तेव्हा गावाचं नाव कालिनिन होतं. १९३१ ते १९९० अशी साठ वर्षं ते तसं होतं, आणि वयस्क माणसांच्या तोंडी आजही मधूनच कालिनिन येतं.

मी बराच वेळ त्याच्यासमोर उभी राहिले. याच्या टिपणांत आमचं चौल आहे. जिथं जावं तिथं माणसं मागं येतात, गोऱ्या माणसाचं नवल करतात, असं त्यानं लिहून ठेवलंय. पुढं जुन्नरला त्यानं पावसाळा काढला, चार महिने रात्रंदिवस पाणी नि चिखल, आणि त्या चिखलातच लोक नांगरतात नि पेरतात म्हणून त्याला अचंबा वाटला. जुन्नरच्या खानानं त्याचा घोडा काढून घेतला, मुसलमान हो म्हणजे परत देतो म्हणाला. एका खोरासानी माणसानं मध्ये पडून तो सोडवून दिला. मला सगळ्यात लागून राहिलेली गोष्ट वेगळीच आहे. वाटेत, वोल्गेच्या मुखाकडं, लुटारूंनी त्याच्या पोथ्या नेल्या होत्या. त्यामुळं परमुलखात त्याला ईस्टर कधी, उपास कधी, याचा हिशेब लागेना. सण हरवलेला माणूस. परतताना दाभोळहून गलबत धरलं, पण त्वेरला पोचलाच नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडं वारला. म्हणजे या घाटावर तो आला आहे तो पुतळा होऊनच.

पिशवीतून मी चौलच्या किनाऱ्यावरची एक शिंपली आणली होती. ती त्याच्या पायाशी, चौथऱ्याच्या फटीत ठेवली.

३० ऑगस्ट, शुक्रवार

सकाळ पोस्टात गेली. परदेशी माणूस घरी उतरला की कामाच्या सात दिवसांच्या आत नोंद करावी लागते, आणि ती घरमालकानं करायची. आमचा नंबर आला तशी खिडकीतल्या बाईनं पाटी लावली आणि पंधरा मिनिटं उठून गेली. रांगेत कुणी कुरकुरलं नाही. एक म्हातारे गृहस्थ आले, “शेवटचं कोण?” एवढंच विचारलं आणि बाकावर जाऊन बसले. रांग उभी नसतेच. ती माणसांच्या डोक्यात असते, आणि मोडत नाही.

संध्याकाळी ‘पांढऱ्या त्रिमूर्ती’च्या देवळात. १५६४ सालचं, गावातलं सगळ्यात जुनं. बायका दारात डोक्यावर रुमाल घेतात. मी ओढणी घेतली, पदर घ्यावा तशी. आत बसायला बाक नाहीत, सगळे उभे. मेणबत्ती घेऊन मी दिसेल त्या गोल दिवटीवर लावली, तर तिथली सेविका तरातरा आली. कोणासाठी, विचारलं. भाचीनं सांगितलं, वडिलांसाठी, ते नाहीत. तिनं माझ्या हाताला धरून भिंतीकडच्या चौकोनी मेजापाशी नेलं. गोल दिवटी जिवंत माणसांची, चौकोनी मेज गेलेल्यांचं. चेहऱ्यावर तोच करडेपणा, आणि मेणबत्ती नीट बसेपर्यंत तिचा हात माझ्या हाताखाली.

३१ ऑगस्ट आणि १ सप्टेंबर

वोल्गेचा उगम याच जिल्ह्यात आहे हे कळल्यापासून मी भाचीच्या मागं लागले होते. बाईंचा भाचा त्वेरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात आहे (कारखाना १८९८ चा, रशियाभर धावणारे डबे इथले), त्याची जुनी निवा गाडी. शनिवारी पहाटे निघालो. ओस्ताश्कोवपर्यंत चार तासांत तो पठ्ठ्या एक अक्षर बोलला नाही. मी मनात म्हटलं, नको असताना याच्या गळ्यात पडलोय आपण. मग मध्येच त्यानं गाडी बाजूला घेतली, न सांगता जंगलात गेला. दहा मिनिटांनी आला तो टोपी भरून लाल फळं घेऊन. ब्रुस्निका. आंबट, करवंदाच्या चुलत घराण्यातली म्हणावी अशी. टोपी माझ्या मांडीवर ठेवली आणि गाडी सुरू केली. बोलला नाहीच.

त्या रात्री सेलिगेर तळ्याकाठी ओस्ताश्कोवला मुक्काम. जेवताना त्यानं कागदातून वाळवलेला मासा काढला. शेपटीला धरून टेबलाच्या कडेवर ठाण ठाण आपटला, उलटापालटा करून पुन्हा आपटला, म्हणजे कातडं सुटतं. मग खवल्यांसकट कातडं एका ओढीत सोललं, पाठीचा काटा अंगठ्यानं सोडवला आणि गाबोळीचा तुकडा आधी मला दिला. मीठ, उन्हाचा वास, दाताखाली चिवट गोडवा. मी फोनवर आमच्या कोळीवाड्यातल्या वलांडीवर वाळणाऱ्या बोंबलांचा फोटो काढून दाखवला. तो वाकून बघत राहिला. किती दिवस वाळवता? मीठ लावता का? पाऊस आला तर? चार तास गप्प बसलेला माणूस रात्री अकरापर्यंत सुक्या मासळीवर बोलत होता. भाची भाषांतर करून दमली.

दुसऱ्या दिवशी जंगलातल्या खडबडीत रस्त्यानं वोल्गोवेर्खोव्ये. आपल्या नद्या सह्याद्रीच्या कड्यावरून उड्या घेत निघतात. ब्रह्मगिरी चढताना धाप लागते तेव्हा गोदावरी भेटते. ३५३० किलोमीटर वाहणारी ही वोल्गा मात्र समुद्रसपाटीपासून अवघ्या २२८ मीटरवर, एका दलदलीत उगवते. दलदलीत लाकडी खांबांवर उभारलेलं छोटंसं देऊळ, तिथवर लाकडी साकव. देवळात जमिनीला गोल भोक आहे, त्यातून खाली पाणी दिसतं. चहाच्या रंगाचं, थंड, हलतंय की नाही कळत नाही असं. पुढं पन्नासेक पावलांवर ते ओहोळ होतं. एक आजोबा नातवाला सांगत होते, ढांग टाक. त्यानं टाकली. वोल्गा ओलांडली!

मी ओंजळभर पाणी प्यायले आणि बाटली भरून घेतली. अफनासी याच पाण्याच्या धारेनं खाली गेला होता, थेट कास्पियनपर्यंत.

२ सप्टेंबर, सोमवार

आज गणेश चतुर्थी. भाचीनं घरून मुठीएवढी शाडूची मूर्ती सुती कापडात गुंडाळून आणली होती. सकाळी साडेसहाला, म्हणजे आपले नऊ, आम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीत तिची स्थापना केली. दुर्वा नव्हत्या. इमारतीमागच्या गवतातून तीन-तीन पात्यांच्या जुड्या केल्या. जास्वंद नव्हतं, पण लाल ग्लॅडिओलस घरभर होते, कारण आज शाळेचा पहिला दिवस. १ सप्टेंबर रविवारी आला म्हणून समारंभ आज. बाईंची नात पहिलीत जाणार होती. दोन वेण्या, त्यावर कोबीएवढ्या पांढऱ्या रिबिनी, हातात तिच्याहून उंच फुलांचा गुच्छ. आजीनं निघताना फुलं मोजली. सात. फुलं विषमच न्यायची, सम संख्या मयताला.

शाळेच्या पटांगणात सगळी मुलं वर्गवार उभी, आईबाप, आज्या, फुलं. मग अकरावीतल्या एका उंच मुलानं पहिलीतल्या एका चिमुरडीला खांद्यावर घेतलं, तिच्या हातात रिबीन बांधलेली पितळी घंटा दिली, आणि तो तिला घेऊन अख्ख्या पटांगणाला फेरी घालू लागला. ती दोन्ही हातांनी घंटा वाजवत होती. याला पहिली घंटा म्हणतात. त्याची ही शाळेतली शेवटची सुरुवात, तिची पहिली. मी एकतीस वर्षं शाळेत काढली. घंटा ऐकली आणि डोळे भरून आले. शेजारच्या बाईंनी न बघताच हातात रुमाल दिला.

घरी आल्यावर मोदक. तांदळाची पिठी, गूळ, तूप आमच्याजवळ होतं. नारळ दुकानात मिळाला, तो भाचीनं किसणीवर किसला. सारण झालं, उकड काढली. उकड मळताना बाई दारात उभ्या राहून बघत होत्या, या घरात पहिल्यांदा माझ्या हाताला काम आणि त्यांच्या नाही. मी पारी केली, सारण भरलं, कळ्या पाडायला घेतल्या. त्या जवळ आल्या. हात धुतले. न विचारता उकडीचा एक गोळा उचलला, अंगठा आणि दोन बोटांत धरून पारी फिरवली, इतकी पातळ की पलीकडचं बोट दिसावं. मग बोटं चालू लागली. एकवीस कळ्या, एकसारख्या, मध्ये कुठं चीर नाही. माझ्या त्या दिवशीच्या सगळ्यात चांगल्या मोदकाला पंधरा होत्या.

“आयुष्यभर वारेनिकी केलेत,” त्या म्हणाल्या. वारेनिकी म्हणजे चेरी नाहीतर बटाटा भरलेल्या करंज्या, उकळत्या पाण्यात शिजवतात. मैदा ताणला जातो, ही उकड तुटते, एवढाच फरक. तो त्यांना दुसऱ्या मोदकात कळला. मग बोटाला तूप लावून घेतलं.

वाफवायला मोदकपात्र कुठलं? त्यांनी कपाटावरून तीन मजली भांडं काढलं, मांतोवार्का. मध्य आशियातून आलेले मांती वाफवायला रशियन घरांत असतंच. हळदीचं पान हवं होतं. खाली काहीतरी वासाचं पान लागतं, असं भाचीनं समजावलं. त्या बाल्कनीत गेल्या आणि पिशवीभर पानं घेऊन आल्या, स्मोरोदिनाची, काळ्या मनुकांसारख्या फळांच्या झुडपाची. ती त्या लोणच्यात घालतात, चहात घालतात. झाकण काढलं तेव्हा जो वास आला तो हळदीच्या पानाचा नव्हता, पण देवापुढं ठेवायला संकोच वाटावा असाही नव्हता.

आरतीला त्वेरमध्ये शिकणारी सांगलीची, नांदेडची, परभणीची आठ-नऊ पोरं आली. टाळ नव्हते, वाट्या वाजवल्या. खालच्या मजल्यावरची शेजारीण वर आली. वाटलं, आवाजाची तक्रार करणार. ती दोनदा गोव्याला आलेली निघाली. तिला ‘गणेशा’ माहीत होता. घरी जाऊन तिनं सफरचंदं आणली आणि मोजून पाच ठेवली.

३ सप्टेंबर, मंगळवार

दीड दिवसाचा आमचा गणपती. संध्याकाळी अफनासीच्या घाटाच्या खाली, पायऱ्या पाण्यात उतरतात तिथं गेलो. एक म्हातारे गळ टाकून बसले होते. काय करताय, त्यांनी विचारलं. भाचीनं सांगितलं, देव घरी आला होता, त्याला पोचवतोय. त्यांनी गळ गुंडाळून घेतला, टोपी काढली आणि आमचं होईपर्यंत उभे राहिले. मी उगमाहून आणलेल्या बाटलीतलं पाणी मूर्तीवर घातलं आणि मूर्ती सोडली. शाडू मऊ, लगेच विरघळली असेल. टोपी डोक्यावर घालून त्यांनी गळ पुन्हा दुसऱ्या बाजूला टाकला.

४ ते ६ सप्टेंबर

पाऊस. गार, बारीक, न थांबणारा. भाचीचं कॉलेज सुरू झालं. बाई आणि मी स्वयंपाकघरात. मधे फोनवरचा भाषांतराचा कार्यक्रम, आणि तो अडला की हातवारे. आता मला बटाटे सोलायला मिळतात. त्यांची साल कागदासारखी पातळ निघते, माझी जाड. एकदा त्यांनी माझी साल उचलली, उजेडाकडं धरली आणि मान हलवली. मग सांगू लागल्या, नव्वदच्या दशकाबद्दल. इस्पितळातला पगार चार-चार महिने होत नव्हता. कधी पैशाऐवजी वस्तू मिळायच्या. नवरा गेला तेव्हा चोपन्न वर्षांचा होता, दारूनं गेला, हे त्यांनी आवाज न बदलता सांगितलं. दोन पोरं जगली ती दाचावरच्या बटाट्यांवर.

दाचा म्हणजे शहरवाल्यांची गावाबाहेरची जमीन. सोव्हिएत काळात वाटून दिलेली, साधारण सहा ‘सोतका’. एक सोतका शंभर चौरस मीटर. मी हिशेब केला आणि ओरडलेच: आपला गुंठा! सहा सोतका म्हणजे सहा गुंठे. सहा गुंठ्यांवर एक घर तरतं म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

७ सप्टेंबर, शनिवार

पाऊस गेला, ऊन पडलं. सप्टेंबरातल्या या चार उबदार दिवसांना इथं ‘बाब्ये लेता’ म्हणतात, बायकांचा उन्हाळा. तोर्झोकच्या पुढं बाईंच्या आईचं गाव, तिथं बटाटे काढायला. माझ्या पायात बाईंचे रबरी बूट, डोक्याला रुमाल.

गावात निम्म्या घरांच्या खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या. पोरं शहरात गेली, म्हातारी माणसं मागं राहिली, ती गेली की फळ्या. पाहताना मला आमच्याकडची कुलपं दिसत होती. आजींचं घर लाकडी, खिडक्यांच्या चौकटी निळ्या, कोरीव. वय शहाऐंशी. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, तळवे उलटे करून पाहिले आणि म्हणाल्या, “काम केलेले आहेत.” आणि एक बादली दिली.

भाचा काट्याच्या फावड्यानं वेल उपटतो, आम्ही मागून वेचायचं. ताजा बटाटा मातीतून निघतो तेव्हा त्याची साल इतकी कोवळी असते की अंगठ्यानं सुटते. तीन ढीग: मोठे खायचे, कोंबडीच्या अंड्याएवढे बियाण्याचे, गोटीएवढे कोंबड्यांचे. मी एक गोटी मातीत सोडून पुढं गेले. आजी काठी टेकत आल्या, वाकल्या, ती उचलली, आणि माझ्या बादलीत टाकली. बोलल्या काही नाहीत. इथं पीक किलोत मोजत नाहीत, बादल्यांत मोजतात. दुपारपर्यंत बेचाळीस बादल्या. माझ्या अकरा.

साडेचारच्या सुमारास बाईंनी ओळीच्या त्या टोकाकडून हाक मारली. “वसंतोव्ना, चहाला ये.” भाचीनं चमकून माझ्याकडं पाहिलं. रशियनमध्येही तू आणि तुम्ही वेगळं आहे, ‘त्यी’ आणि ‘व्यी’. दहा दिवस त्या मला व्यी म्हणत होत्या. आज त्यी झालं. मीही मग त्यांना ताई म्हणायला लागले. अर्थ सांगितला, तो त्यांना चालला.

चहाच्या वेळी आजींनी पाव कापला तो छातीशी धरून, सुरी स्वतःकडं ओढत. जेवण झाल्यावर मेजावरचा चुरा तळहातानं गोळा केला आणि तोंडात टाकला. १९४१ साली त्या आठ वर्षांच्या होत्या. ऑक्टोबरात तोर्झोकवर बाँब पडले. त्या बाजूचं आभाळ रात्री लाल असायचं, आई त्यांना तिकडं बघू द्यायची नाही. कालिनिन दोन महिने जर्मनांच्या हाती होतं, १६ डिसेंबरला सुटलं. पुढच्या वसंतात पिठात लेबेदा मिसळून भाकरी केली. लेबेदा म्हणजे काय ते दाखवायला त्या मला कुंपणापाशी घेऊन गेल्या. पाहिलं तर चाकवताच्या घराण्यातली भाजी. वडील परत आले नाहीत. हे सगळं सांगताना त्यांचे हात चालूच होते. बियाण्याच्या ढिगातले डागी बटाटे बाजूला काढत होत्या.

रात्री बान्या. अंगणातल्या लाकडी खोलीत तापलेल्या दगडांवर पाणी ओतायचं, वाफ कोंडायची, आणि बर्चच्या पानांच्या जुडीनं अंग झोडपायचं. ताईंनी माझी पाठ झोडपली. दिवसभराची कंबर सुटली. बाहेर आलं की सगळे एकमेकांना म्हणतात, “स ल्योखकिम पारम,” हलकी वाफ लाभो. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान करून अंगणात आल्यावर जी थंडी सुखाची लागते, ती लागली.

८ सप्टेंबर, रविवार

निघण्याआधी आजी गावाच्या टोकाला घेऊन गेल्या. युद्धात गेलेल्यांचा छोटा स्तंभ, वर तारा. नावं खाली नावं. एकच आडनाव पाच वेळा. त्यांनी चौथ्या नावावर बोट ठेवलं, धूळ पुसली, आणि खिशातून एक उकडलेला बटाटा काढून पायरीवर ठेवला. कालचा, नव्या पिकातला. मी ओढणी डोक्यावर घेतली.

९ सप्टेंबर, सोमवार

बॅगेत मुरंब्याच्या तीन बरण्या, वाळवलेल्या अळंब्यांची माळ, शेपूचं बी. भाची इथंच राहणार, तिचे डोळे सकाळपासून लाल. गाडीला तास होता. दार उघडायच्या आधी ताई म्हणाल्या, “प्रिस्यादेम ना दारोझ्कू.” वाटेला लागायच्या आधी बसू या. जो जिथं होता तिथं बसला: ताई स्टुलावर, भाचा बुटांच्या फळीवर, नात माझ्या बॅगेवर, मी तिच्या शेजारी. मिनिटभर कुणी बोललं नाही. घड्याळ ऐकू येत होतं.

“बोगाबरोबर,” ताई उठत म्हणाल्या. बोग म्हणजे देव. मी म्हटलं, “येते.” भाचीनं सांगितलं, आमच्यात ‘जाते’ म्हणत नाहीत. ताईंनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.

मी बाहेर जिन्यात आले, आणि माझी खणाची पिशवी आतच राहिली. ताई ती घेऊन दारापर्यंत आल्या, मी हात पुढं केला, आणि त्या दोन पावलं मागं सरकल्या. पिशवी पाठीशी. मनगटाला धरून त्यांनी मला आत ओढलं. विसरलेल्या वस्तूसाठी परत फिरलं तर आरशात पाहून निघावं लागतं. त्यांनी मला पॅसेजमधल्या आरशासमोर उभं केलं, स्वतःही शेजारी उभ्या राहिल्या, माझा रुमाल सरळ केला. मग पिशवी हातात दिली. आणि आम्ही सगळे पुन्हा बसलो.